लाँग रननंतरचा रक्ताचा अहवाल कसा वाचावा?

प्रश्न (नेरुळ):
नमस्कार. माझे वय 52 असून सहा वर्षांपासून मी पाम बीच रस्त्यावर नियमित धावतो. रविवारी 30 किलोमीटर धावलो आणि वार्षिक तपासणी आधीच ठरलेली असल्याने सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त दिले. सीपीके (स्नायूंतील एन्झाइम) 1140, एचएस-सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी चाचणी) 6.2 आणि एसजीओटीही (यकृत व स्नायूंतील एन्झाइम) वाढलेले आले. एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) 64 व ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबी) 78 आहेत, परंतु एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 148 आहे. छातीत दुखणे, धाप, चक्कर असे काहीही नाही. तरी घरचे धास्तावले आहेत. हृदयावर ताण आला, असे समजावे का?

उत्तर (ठाणे, प्रयोगशाळेत काम करतो):
आपण रक्त कधी दिले, यावरच बहुतेक उत्तर अवलंबून आहे. सीपीके आणि एसजीओटी मांड्या-पोटऱ्यांच्या स्नायूंतूनही रक्तात येतात, आणि दीर्घ धावण्यानंतर सीपीके काही दिवस चढेच राहते. सीआरपी तर दुसऱ्या दिवशीच सर्वाधिक असते. हृदयाची जोखीम ठरवताना 3 च्या वरचे एचएस-सीआरपी जास्त मानतात, पण तो निकष शरीर विसावलेले असतानाचा आहे. आठवडाभर जोराचा व्यायाम टाळून पुन्हा तपासावे. ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूतील प्रथिन) मॅरेथॉननंतर बहुसंख्य धावपटूंमध्ये वाढते आणि साधारणपणे एक ते तीन दिवसांत उतरते. मात्र छातीत दुखत असेल, तर ‘धावल्यामुळे वाढले असेल’ असे घरी ठरवू नये. ईसीजी आणि काही तासांच्या अंतराने पुन्हा ट्रोपोनिन पाहूनच डॉक्टर निर्णय घेतात.

उत्तर (येऊरला धावणारी):
मला सीपीकेपेक्षा आपल्या एलडीएलची काळजी वाटते. धावण्याने ट्रायग्लिसराइड्स उतरतात, एचडीएल थोडे वाढते, पण एलडीएलवर होणारा परिणाम बेताचाच असतो. माझे एचडीएल 70 होते, म्हणून मी अनेक वर्षे निर्धास्त राहिले. वडिलांना 49 व्या वर्षी झटका आला होता, हे डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण, तपासायला लावले आणि ते 92 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर निघाले, जिथे 50 च्या वरचे जास्त धरतात. ते मुख्यतः आनुवंशिक असते आणि कितीही किलोमीटर धावले तरी हलत नाही. आपल्या घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला होता का?

प्रश्नकर्ता:
थोरल्या काकांना, 50 च्या आतच. पुढचा आठवडा केवळ चालतो आणि दुसऱ्या तपासणीत लायपोप्रोटीन (ए) व अपो-बी (एलडीएलसारख्या कणांवरील प्रथिन) दोन्ही करून घेतो.