मागे घर जोडून निघण्यापूर्वी : ट्रॅव्हल ट्रेलरच्या लांबच्या प्रवासाची तयारी

येत्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून निघून यलोस्टोनमार्गे ऑरेगॉनच्या किनाऱ्यापर्यंत जायचे, आणि तेही चोवीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचे चाकांवरचे घर, ओढत, असे आमच्या घरी ठरले आहे. आजवर आम्ही तो दोन-तीन तासांच्या अंतरापलीकडे नेलेला नाही. असा प्रवास केलेल्या मराठी कुटुंबांनी निघण्यापूर्वी काय तयारी केली आणि काय राहून गेले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. प्रेक्षणीय स्थळांपेक्षा गाडी, ट्रेलर आणि वजन यांविषयी वाचायला आवडेल.

डेट्रॉइटहून

वजनाचे विचारलेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आमचा ट्रक ९,००० पौंड ओढू शकतो, तेव्हा ६,००० पौंडांचा ट्रेलर त्याला सहज झेपेल, असे विक्रेत्याने सांगितले आणि आम्ही ते मान्य केले. पण खरी अडचण निराळ्याच आकड्यापाशी येते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसे आणि सामान मिळून ट्रकवर जास्तीत जास्त किती भार चालेल, ते त्यावर छापलेले असते. आमच्या स्टिकरवर १,४५० पौंड होते. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जिथे ट्रकला जोडतात त्या सांध्यावर, आणि पर्यायाने ट्रकच्या पाठीवर येतो. आमचा तो ७४० पौंड भरला. आम्ही दोघे, आईबाबा आणि दोन मुले मिळून ७९० पौंड. म्हणजे ट्रकमध्ये एकही पिशवी ठेवण्याआधीच मर्यादा ८० पौंडांनी ओलांडली गेली होती.

हे कळले ते निघण्याच्या तीन आठवडे आधी, महामार्गावरच्या ट्रक-थांब्यावरील वजनकाट्यावर गाडी चढवली तेव्हा. काट्यावर दोनदा जावे : एकदा भरलेला ट्रेलर जोडून, पण भार वाटून देणारे हिचचे दांडे सोडून, आणि एकदा नुसता ट्रक घेऊन. दोन्ही पावत्यांवरील ट्रकच्या वजनांतला फरक म्हणजे हिचवरचा भार. आम्हाला ट्रक बदलावा लागला आणि खर्च मोठा झाला, तरी त्याचा पश्चात्ताप नाही. आईबाबांना मागे बसवून तेवढ्या भाराने रॉकीजचे उतार उतरायला माझे मन धजले नसते.

ओमाहाहून

हिचवरचा भार कमी पडला तर काय होते, ते आम्ही वायोमिंगमध्ये अनुभवले. आय-८० महामार्गावर लॅरामीपासून रॉलिन्सपर्यंतचा, एल्क माउंटनच्या बाजूचा टापू वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. वारा फार असला की हलकी आणि उंच वाहने तिथे अडवली जातात. आम्ही पिठाची पोती, कुकर, भांडी असे सगळे जड सामान मागच्या कप्प्यात ठेवले होते आणि मागच्या बंपरवर तीन सायकली टांगल्या होत्या, त्यामुळे ट्रेलरचे पुढचे टोक हलके झाले होते. बाजूने मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर शेपटासारखा डोलू लागला. अशा वेळी ट्रकचा ब्रेक जोरात दाबायचा नाही आणि स्टीअरिंगही उलटसुलट फिरवायचे नाही. पाय अॅक्सिलरेटरवरून काढून, डॅशबोर्डखाली बसवलेल्या ब्रेक-नियंत्रकाची दांडी हाताने सरकवली, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो सरळ होतो. हे मी आधी वाचले होते, म्हणून हात तिकडे गेला. पुढच्याच थांब्यावर सायकली ट्रकमध्ये चढवल्या आणि पोती ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे, अगदी जमिनीलगत लावली. त्यानंतर वारा तोच होता, ट्रेलर मात्र स्थिर होता.

सॅक्रामेंटोहून

टायरची नक्षी पाहून समाधान मानू नये. आमच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २२१७ होते, म्हणजे तो २०१७ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. २०२४ च्या जुलैत नेब्रास्कात तो फुटला. खाली वाकून पाहिले, तर हातभर लांबीची रबराची पट्टी चाकावरच्या पत्र्यात घुसून सांडपाण्याचा नळ मोडून गेली होती. ट्रेलर उभाच राहत असला, तरी पाच-सहा वर्षांनी टायर बदलावेत. चाक बसवल्यावर पहिल्या पन्नास मैलांनंतर त्याचे नट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासावेत. चाकांच्या बेअरिंगचे ग्रीसही निघण्यापूर्वी बदलून घ्यावे.

बाल्टिमोरहून

दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी एवढेच : येथील दोन्ही बंदर-बोगद्यांतून १० पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी नेता येत नाही, आणि ट्रेलरवर सहसा २० किंवा ३० पौंडांच्या टाक्या असतात. पूर्वी बोगदे टाळून बंदरावरच्या ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलावरून जाता येई. तो मार्च २०२४ मध्ये कोसळला. आता शहराला वळसा घालणाऱ्या आय-६९५ महामार्गाची पश्चिमेकडची बाजू धरावी.

ऑस्टिनहून

ट्रेलर मागे घेण्याचा सराव घरातल्या दोघांनीही करावा, असे मला मनापासून वाटते. आम्ही सलग चार रविवार एका शाळेच्या रिकाम्या वाहनतळावर शंकू मांडून शिकलो. स्टीअरिंगच्या अगदी तळाशी हात धरायचा आणि ट्रेलरचे मागचे टोक ज्या बाजूला न्यायचे, त्या बाजूला हात सरकवायचा. या एका युक्तीने माझ्या मनातला उजव्या-डाव्याचा गोंधळ संपला. मागे उभे राहणाऱ्याच्या खुणाही आधीच ठरवून ठेवल्या : दोन्ही तळवे समोर म्हणजे थांबा, हात बाजूला म्हणजे ट्रेलरचे मागचे टोक त्या बाजूला न्या. आणि खुणा करणारा माणूस आरशात दिसेनासा झाला, की गाडी तिथल्या तिथे थांबवायची, तो पुन्हा दिसेपर्यंत.