गालिच्यावरचा करडा पट्टा
लोकरीच्या गालिच्यावरचा दारापासून सोफ्यापर्यंतचा पट्टा दोनदा धुऊनही करडाच राहिला, असे आपण लिहिले आहे आणि त्यावर कुणीतरी धुण्याचा सोडा सुचवला आहे. पट्टा बहुधा मळाचा नसून झिजेचा आहे. सोलापुरात उन्हाळाभर घरात येणारी बारीक धूळ लोकरीच्या मुळाशी बसते, पावलांखाली तंतू खरवडते आणि अशा खरवडलेल्या तंतूंवरून प्रकाश विखुरल्यामुळे रंग मातकट दिसू लागतो, जो कोणत्याही साबणाने परत येत नाही.

पिवळट-तपकिरी डाग मात्र वेगळे. पाठीला ताग असलेला गालिचा फार भिजून सावकाश वाळला, की तागातील तपकिरी द्रव्य ओलाव्याबरोबर वर चढते. एक भाग पांढरे व्हिनेगर व दहा भाग पाणी यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने ते टिपावे आणि लगेच पंख्याखाली वाळवावे. त्याआधी एका कोपऱ्यावर तेच पाणी लावून, पांढरे कापड दाबून, रंग सुटतो का ते पाहावे.

सुचवलेला धुण्याचा सोडा येथे नको. आपल्या सुती चादरींना तो चालतो, परंतु लोकर हे प्रथिन असल्याने सोड्यासारख्या अल्कलीने ती पिवळी व ठिसूळ होते. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर ती विरघळतेच. झिजलेल्या पट्ट्यासाठी मी स्वतः गालिचा फिरवून तो भाग सोफ्याखाली नेला, एवढेच.