बरोब्रिज १३२२: भाल्यांनी जिंकलं की फितुरीने?

मूळ धागा
१६ मार्च १३२२. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याच्याविरुद्ध बंड करून हटलेला लँकेस्टरचा अर्ल (मोठा उमराव) थॉमस यॉर्कशायरमधल्या बरोब्रिजला ऊर नदी ओलांडून उत्तरेला निसटू पाहत होता. पलीकडे राजाच्या बाजूचा अँड्र्यू हार्कले आधीच ठाण मांडून होता. त्याची माणसं ४,००० च्या आसपास, थॉमसची जेमतेम ७००. तरी माझं ठाम मत आहे, निकाल मांडणीने लागला. हार्कलेने सरदारांनाही घोड्यांवरून उतरवलं, पुलाचं उत्तर टोक भालेकऱ्यांनी बुजवलं. नदीच्या उतारावर, म्हणजे पाण्यातून पार होता येईल अशा उथळ जागी, स्कॉटलंडच्या लोकांसारखं शिल्ट्रॉन लावलं, म्हणजे खांद्याला खांदा भिडवलेला भाल्यांचा गट, जोडीला तिरंदाज. लाकडी पूल इतका चिंचोळा की घोडे घालायची सोयच नव्हती. थॉमसचा साथीदार, हेरफर्डचा अर्ल हंफ्री डी बोहन पायी शिरला. पुलाखाली दबा धरलेल्याने फळ्यांच्या फटीतून भाला वर खुपसला, हेरफर्ड तिथेच संपला. त्याच्याच बाजूचा रॉजर क्लिफर्ड जबर जखमी झाला.

प्रतिसाद १
मांडणी चोख, मान्य. पण ७०० च का उरले, ते बघा की! त्याआधी बर्टनला ट्रेंट नदीवरचा पूल बंडखोरांनी अडवून धरला होता. राजाच्या फौजेने वॉल्टनच्या उताराने नदी पार केली आणि पूल अडवण्यातला अर्थच गेला. १० मार्चला माघार. थॉमसचा खास माणूस रॉबर्ट हॉलंड राजाला जाऊन मिळाला. बरोब्रिजला आला तो आधीच पोखरलेला पक्ष.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)
मग उतारावर काय झालं ते सांगा. थॉमसचे स्वार बाणांच्या माऱ्यात पाण्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. फितुरीने घोडे थांबत नाहीत, बाणांनी थांबतात. हार्कलेने १३१५ मध्ये स्कॉटांच्या वेढ्यातून कार्लाइल शहर राखलं होतं. त्यांची लढाईची रीत त्याने समोरून पाहिली होती.

प्रतिसाद ३
तुम्ही दोघंही रात्र विसरताय. दोन्ही वाटा बंद झाल्यावर थॉमसने सकाळपर्यंत तहकुबी मागून घेतली, आणि तीच त्याला नडली. अंधारात हेरफर्डची आणि त्याची स्वतःचीही माणसं पांगली. यॉर्कचा शेरीफ (राजाचा स्थानिक अधिकारी) कुमक घेऊन आला. १७ तारखेला लढायला उरलंच कोण? थॉमस पकडला गेला, २२ मार्चला पाँटेफ्रॅक्टला, त्याच्याच किल्ल्याजवळ, त्याचं मुंडकं उडवलं.

प्रतिसाद १
म्हणजे गळतीच! पुलाने फक्त वाट अडवली.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)
वाट अडली नसती, तर १६ लाच तो पलीकडे गेला असता. रात्र आली ती पुलामुळे.