इनोव्हेशन मॅनेजमेंटची पदवी: हे शिकवता येतं, असं माझं ठाम मत आहे

वेलांटी:
ओळखीतल्या एका मुलाला इनोव्हेशन मॅनेजमेंटमध्ये एमबीएला प्रवेश मिळतोय आणि घरात वाद पेटलाय. वडिलांचं म्हणणं, "नवीन काहीतरी सुचणं ही काय वर्गात बसून शिकायची गोष्ट आहे?" मी हीच पदवी घेतली आहे, म्हणून माझं मत सविस्तर मांडते. विरोधी मतं जरूर लिहा, त्याला हा धागा वाचायला देणार आहे.

सुचणं शिकवता येत नाही, हे मान्य. पण तिथे ते शिकवतच नाहीत. सुचलेल्या गोष्टीचं कंपनीत पुढे काय होतं, हा त्या अभ्यासाचा विषय आहे.

पदवीआधी मी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला होते. आमच्यातल्या एकानं पंपाच्या थरथरीवरून बेअरिंग कधी जाणार हे आधीच सांगणारं उपकरण जमवलं होतं. तळहातावर मावेल एवढा डबा, बाहेर लोंबणारी पिवळी वायर. मंजुरीच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'पहिल्या पाच वर्षांतली अपेक्षित विक्री'. त्यानं आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. शेवटी प्रामाणिक माणूस, रकाना कोरा ठेवूनच फॉर्म दिला. तो 'अपूर्ण' म्हणून परत आला आणि डबा कपाटात गेला.

यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. फॉर्म होता चालू मालातल्या सुधारणांसाठी, आणि बाजारात नसलेल्या वस्तूलाही तोच लावला. पदवी करताना मला पहिल्यांदा कळलं की अशा वेळी विक्रीचा आकडा मागायचाच नसतो. सगळ्यांत मोठी शंका कोणती आणि ती फिटायला किती दिवस, किती पैसे लागतील, एवढंच विचारायचं. तेवढेच पैसे द्यायचे आणि कुठे थांबायचं ते आधीच ठरवायचं. हे आमच्या विभागात एकालाही ठाऊक असतं, तर तो डबा निदान एका ग्राहकाच्या पंपावर बसला असता.

रंधा:
वेलांटीताई, कळकळ पोचली, पण साफ असहमत.

मी वीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत. अशाच अभ्यासक्रमाचा एक गट आमच्याकडे प्रकल्पासाठी आला होता. हुशार मुलं, वागायलाही चांगली. तीन दिवस भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या, ग्राहकांच्या मुलाखती घेतल्या. सील का गळतंय हे मात्र आमच्या फिटरनं सांगितलं. ग्राहकानं तेल बदललं होतं आणि त्या तेलात रबर फुगत होतं. त्यानं जुनं सील दोन बोटांत दाबून दाखवलं. ती जाण कुठल्या सत्रात येते?

आणि कॅमेऱ्याची फिल्म विकणारी कोडॅक बघा. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तिथेच डिजिटल कॅमेरा बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे, पण कॅमेरा चालत होता. कल्पना होती, पेटंट होतं, व्यवस्थापन शिकलेली माणसं तर ढिगानं होती. तरी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. फिल्मवरचा नफा सोडवेना. त्याला पदवी काय करणार?

सहावा_तास:
रंधा +१. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. दोन वर्षांचा पगार सोडायचा, वर कर्ज, आणि जाहिरातींत 'इनोव्हेशन मॅनेजर' हे पद शोधावं लागतं. मंदी आली की कात्री याच विभागावर आधी. फायनान्स घेऊन हे विषय ऐच्छिक म्हणून घेतले तर काय बिघडतं?

वेलांटी:
रंधा, कोडॅकची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. फिल्म बनवणाऱ्या फुजीफिल्मसमोर डिजिटलचं तेच संकट होतं. २००० साली अध्यक्ष झालेल्या शिगेताका कोमोरी यांनी आपल्याकडे नक्की कोणकोणतं तंत्रज्ञान आहे याची यादीच करायला लावली आणि ते आणखी कुठे चालेल ते बघितलं. फिल्ममधलं जिलेटिन कोलॅजनपासूनच बनतं, आणि फोटोचा रंग उडू नये म्हणून ऑक्सिडेशन रोखायचं ज्ञान हाताशी होतंच. त्यातून त्वचेची प्रसाधनं निघाली. एलसीडी पडद्यांना लागणारी फिल्म तर मूळ धंद्याच्या आणखी जवळची. रसायनशास्त्रज्ञ दोन्ही कंपन्यांत होते. फरक वरच्या निर्णयांचा होता, आणि निर्णय कसे घ्यावेत हे शिकता येतं.

रंधा:
कोमोरी १९६३ पासून त्याच कंपनीत होते. सदतीस वर्षं त्या धंद्यात काढल्यावर त्यांनी ती यादी करायला लावली. हा तर माझाच मुद्दा झाला.

आता तुमचं 'कुठे थांबायचं ते आधीच ठरवा' घ्या. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना पोस्ट-इट चिठ्ठ्यांचा तो सहज निघणारा गोंद १९६८ मध्ये मिळाला, तोही पक्का गोंद शोधताना. आर्ट फ्राय यांना त्याचा उपयोग १९७४ मध्ये सुचला, कारण भजनांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडायच्या. अमेरिकाभर विक्री १९८० मध्ये. बारा वर्षं! तुमच्या पद्धतीनं तो दुसऱ्याच वर्षी बंद झाला असता. पुढे २००१ पासून जेम्स मॅकनर्नी यांनी त्याच कंपनीत सिक्स सिग्मा, म्हणजे कामातल्या चुका आणि चढउतार मोजून कमी करायची शिस्त, पार संशोधनापर्यंत नेली, आणि त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज बकली यांना संशोधकांवरची ती पकड सैल करावी लागली.

जुनी_वही:
संशोधन विभाग सांभाळते, म्हणून लिहिते. संस्था कशा चालतात याचे अभ्यासक जेम्स मार्च यांनी १९९१ मध्ये हेच मांडलं होतं. संस्थेला हातातलं नीट वापरणंही लागतं आणि नवं धुंडाळणंही. पण पहिल्याचं फळ लवकर आणि खात्रीचं मिळतं, म्हणून ते दुसऱ्याला गिळतं. मला हे पंचेचाळिशीत कळलं, तोवर दोन चांगले प्रकल्प माझ्याच सहीनं बंद झाले होते. त्याची रुखरुख आजही आहे.

पण मुलाखतीत मी या पदवीच्या उमेदवारांना एकच विचारते: तुम्ही बंद केलेल्या एखाद्या कामाबद्दल सांगा. थेट कॉलेजातून आलेले गप्प होतात. सिद्धांत येतो, पण ज्या टीमचं काम थांबवायचं तिच्यासमोर कधी उभं राहिलेले नसतात.

वेलांटी:
रंधा, बारा वर्षांचा मुद्दा लागला. पण सुरुवातीची वर्षं त्या गोंदामागे मोठा निधी नव्हता. वेळेतला १५ टक्के भाग स्वतःच्या शोधाला द्यायची तिथे मुभा होती, त्यावर तो तगला. पैसा थांबवणं वेगळं आणि कपाटाला कुलूप लावणं वेगळं. हा फरक मी वर नीट लिहिला नाही.

जुनी_वही, पूर्ण पटलं. मी पाच वर्षं नोकरी करून गेले होते, त्यामुळे प्रत्येक तासाला तो कोरा रकाना डोळ्यांसमोर यायचा. शेजारच्या बाकावर नोकरीच न केलेली मुलं होती, त्यांच्यासाठी तोच तास परीक्षेपुरता. त्या मुलाला सांगते, आधी तीन वर्षं कुठेतरी राब, मग जा.

सहावा_तास, ऐच्छिक विषयानं भागतं हे मात्र मान्य नाही. पेटंट, प्रयोगांची आखणी, नव्या कामाचा हिशेब आणि माणसांचा विरोध हे सगळं एकत्र हाताळल्याशिवाय कळत नाही. आणि ते पद जाहिरातीत त्या नावानं क्वचितच येतं. प्रॉडक्ट, नवीन व्यवसाय, संशोधन नियोजन अशा नावांनी शोधा.

रंधा:
तीन वर्षांचं पटलं. पदवी लागतेच, हे अजून नाही.

त्या डब्यात सेन्सर कुठला होता? तो सहकारी अजून याच कामात आहे का? आमच्याकडे दोन पंप आहेत, बेअरिंग कधी जाईल भरवसा नाही.

वेलांटी:
अ‍ॅक्सेलरोमीटर, केसिंगला चुंबकानं चिकटवायचा. त्याला विचारून व्यक्तिगत निरोप करते.