मदत हवी आहे: कायटोसानचा लेप दिलेले लायपोसोम पीएच ७.४ ला गोळा होतात

नमस्कार मंडळी. ऋणभारित लायपोसोमवर (औषध भरलेले, चरबीच्या पापुद्र्याचे सूक्ष्म फुगे) कायटोसानचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा, आम्लात धनभारित होणारा पॉलिमर) लेप देतेय. आम्लधर्मी बफरमध्ये सगळं झकास: झेटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचा अंदाज देणारं माप) ऋणावरून धनावर जातं, आकार थोडाच वाढतो. पण पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये टाकलं की गुठळ्या! कायटोसानचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे अमाइन गट धनभारित असतात) साधारण ६.५, म्हणजे ७.४ ला धनभार जवळजवळ उरतच नाही, हे कळतंय. पॉलिमर अपुरा असला की एकच साखळी दोन कणांना बांधते, म्हणून कायटोसानचं प्रमाण वाढवलं, फरक शून्य.

ट्रायमिथाइल कायटोसान (ज्याचा धनभार पीएच वाढला तरी टिकतो) वापरू, की वरून अल्जिनेटचा (समुद्री शेवाळातला ऋणभारित पॉलिमर) थर देऊ? पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, कणांना चिकटू न देणारा पॉलिमर) सुचवू नका प्लीज. डॉक्सिलमध्ये (कर्करोगावरचं लायपोसोममधलं औषध) ते १९९५ पासून आहे, मान्य. पण मला श्लेष्मल त्वचेला चिकटणारा कण हवाय. आणि लेप चढताना औषध गळलं का, हे तुम्ही कसं तपासता? डायलिसिसने (सुटं औषध पडद्यातून बाहेर जाऊ देऊन) की जेल कॉलमने (आकारानुसार कण आणि सुटं औषध वेगळं करून)?