मदत हवी: पगार वाढवला तरी ऑपरेटरांचं कामात लक्ष नाही

भोसरी_टर्निंग: भोसरीत छोटं सीएनसी शॉप (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) आहे, जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देतो. जूनमध्ये सगळ्यांना पगारवाढ दिली, वर पीसमागे इन्सेंटिव्ह. तरी गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला जोडून शुक्रवारी खाडा, रात्रपाळीत रिजेक्शन, आणि पोरगा जरा तयार झाला की चाकणच्या कारखान्यांत पळाला. अजून काय करायचं? लेक्चर नको, उपाय सांगा. अर्जंट आहे.

लेथवाला: पगार किती? इन्सेंटिव्ह ओके (तपासून पास झालेल्या) पीसवर की मशीनच्या काउंटरवर, म्हणजे निघालेल्या एकूण पीसवर?

भोसरी_टर्निंग: पगार मार्केटप्रमाणेच. काउंटरवर, अजून कशावर असणार?

लेथवाला: मग रिजेक्शन तुम्हीच विकत घेताय. इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या पात्याची) कड उडाली तर रात्री दोनला मशीन कोण थांबवेल? इन्सर्ट बदला, पहिला पीस मोजा, तेवढ्यात त्याचे चार-पाच पीस बुडाले. तो ऑफसेट मारून (मशीनमध्ये टूलचं माप थोडं सरकवून) लॉट ओढतो आणि सकाळी बोअर (आतलं भोक) मापात नसतो. ओके पीसवर द्या, सेटिंगचा वेळही धरा.

एचआर_ताई: मुळात मुद्दा पैशाचा नाहीच. हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्येच मांडलंय, पगार नीट नसेल तर माणूस नाराज होतो, पण नीट दिला म्हणून झपाटून काम करेलच असं नाही. जबाबदारी द्या, कौतुक करा. आम्ही ‘महिन्याचा मानकरी’ म्हणून फोटो लावतो.

निवृत्त_फोरमन: ताई, त्याने अभ्यासले ते इंजिनिअर आणि अकाउंटंट. दिवसभर मशीनपुढे उभा असतो त्याने फोटो घेऊन काय करायचं? फोर्डकडे 1913 मध्ये माणसं बदलण्याचं प्रमाण वर्षाला 370 टक्के होतं. 1914 मध्ये दिवसाला 5 डॉलर केले, पाळी नऊवरून आठ तासांवर आणली, मग लोक टिकले. पैसाच बोलतो.

एचआर_ताई: काका, पाळी कमी केली हे तुम्हीच लिहिलंत.

हजेरीबहाद्दर: चेहरा ओळखणारं हजेरी मशीन बसवा. आमच्याकडे खाडे बंद झाले.

भोसरी_टर्निंग: आहे हो ते. खाडा कळतो, थांबत नाही.

निवृत्त_फोरमन: पाळी किती तासांची? ओव्हरटाइम डबल देता? पगार कितव्या तारखेला?

भोसरी_टर्निंग: बारा तास, सगळीकडे तशीच असते. पगार दहा-बाराला, पार्टीचं (काम देणाऱ्या कंपनीचं) पेमेंट अडकलं तर पंधराला. पण मागेल त्याला उचल देतो, नाही म्हणत नाही.

निवृत्त_फोरमन: डबलचं उत्तर टाळलंत. आणि कायद्याने पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा. खोलीचं भाडं पाचला असतं. स्वतःच्याच कमाईसाठी केबिनबाहेर ताटकळायचं, तर पोरगं चाकणला जाणार नाही तर काय!

लेथवाला: पार्टीवर व्याज लावा की. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना? पेमेंट 45 दिवसांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढ.

भोसरी_टर्निंग: लावलं की दुसऱ्या दिवशी ऑर्डर बंद. तुम्ही लावलंय का कधी?

लेथवाला: नाही.

हजेरीबहाद्दर: पेमेंटसाठी वेगळा धागा काढा राव, तिथे शंभर प्रतिसाद पडतील.

भोसरी_टर्निंग: ओके पीसवर दिलं तर कास्टिंगमध्ये (ओतीव तुकड्यात) ब्लोहोल (हवेची पोकळी) निघालेला पीस कोणाच्या खात्यात?

लेथवाला: फाउंड्रीच्या. मशीनिंगचं आणि मटेरियलचं रिजेक्शन वेगळं लिहा. क्यूसीला (पीस तपासायला) कोण आहे?

भोसरी_टर्निंग: रात्री? तोच ऑपरेटर.