मदत हवी आहे: लोटे एमआयडीसीतून सीएसआर निधी (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी)

मंडळी, आमच्या संस्थेला खेड तालुक्यातल्या १२ वाडीशाळांना पाणीसाठवण टाक्या बसवायच्यात. धर्मादाय नोंदणी, आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, ३ वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, सगळं तयार. अडतंय पुढेच.

कंपनी कायद्याचं कलम १३५ सीएसआर खर्चात स्थानिक भागाला प्राधान्य द्या म्हणतं, पण कारखाना इथे आणि सही मुंबईच्या मुख्यालयात! प्रस्ताव कारखान्याच्या एचआरकडे द्यावा की थेट कंपनीच्या सीएसआर समितीकडे? तिच्या सीएसआरच्या वार्षिक कृती आराखड्यात नाव यायला जानेवारीत दिला तर चालेल, की उशीर होतो?

दुसरं, सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तरी आपल्या संस्थेच्या साइट पर्यवेक्षकाचा पगार कंपन्या त्यातच धरून कापतात. अंदाजपत्रकात तो 'प्रकल्प अंमलबजावणी'खाली टाकता का? कुणाकडे मंजूर झालेल्या अंदाजपत्रकाचा नमुना असेल तर कंपनीचं नाव झाकून इथे पोस्ट करा, प्लीज.